‘प्रेमाचं काहीतरी द्या’ म्हटल्यावर हातात काय ठेवायचं?

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यातला कामाचा भाग असा:

‘आमच्या मंडळाचं छोटं वाचनालय आहे. साडेचारशे पुस्तकं, चाळीसेक सभासद, बहुतेक बायका. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ मी बसते. निम्म्या जणी येऊन म्हणतात, “काहीतरी प्रेमाचं, हलकंसं द्या.” मी मला आवडलेलं देते. दहातली सहा पुस्तकं अर्धवट वाचून परत येतात. गेल्या महिन्यात एका वहिनींना अशीच एक कादंबरी दिली. त्यांचे यजमान जाऊन वर्षही झालेलं नाही. शेवटच्या प्रकरणात नायक मरतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं. त्यांनी पुस्तक शेजारणीच्या हाती परत पाठवलं, त्यानंतर त्या आल्या नाहीत. दुसरी एक सून आहे, माहेरी गुजराती माध्यमातून शिकलेली. ती इंग्रजी रोमान्स वाचते आणि विचारते, “मराठीत तसं आहे का?” तिला काय देऊ कळत नाही. त्यात समितीतले काका म्हणतात, असली पुस्तकं मंडळाच्या कपाटात कशाला? मला नीट सांगा, शिफारस करायची कशी?’

ताई, नमस्कार.

आधी त्या वहिनींचं बघू, कपाटं आणि याद्या थांबतील. त्यांच्या घरी जा, पण पुस्तक घेऊन जाऊ नका. ‘हे वाचा, हे गोड आहे’ म्हणत दुसरी कादंबरी पुढे केली की झाल्या गोष्टीवर पांघरूण घातल्यासारखं होतं. सरळ सांगा, ‘वहिनी, शेवट माझ्या लक्षात नव्हता, न बघता दिलं. चुकलं माझं.’ पुस्तक किती नावाजलेलं आहे, हे त्यात घालू नका. चहा घ्या आणि निघा. पुढे त्यांना काय वाचावंसं वाटेल हेही मनात ठरवून टाकू नका. दुःखातल्या माणसाला विनोदीच द्यावं अशी एक समजूत आहे, ती बऱ्याचदा खोटी ठरते. कोणाला हसूच नकोसं होतं, कोणी नुसती पाककृतींची पानं उलटत बसतं आणि कोणी मुद्दाम दुःखाचंच मागतं, कारण पुस्तकाच्या निमित्ताने मोकळं रडता येतं. यातलं काय ते त्याच सांगतील.

आता हे घडलं कसं ते पाहू. तुम्ही विसरलात हे खरं, पण निम्मा दोष आपल्या ‘प्रेमकथा’ या शब्दाचा आहे. मराठीत या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या जातींची पुस्तकं येतात. रणजित देसाईंची ‘स्वामी’ घ्या. माधवराव आणि रमाबाईंच्या नात्याने कितीतरी वाचकांना गहिवरून आलं, पण ते पुस्तक क्षयाने खंगलेल्या माधवरावांच्या मृत्यूपाशी आणि रमाबाईंच्या सती जाण्यापाशी येऊन थांबतं. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’मधल्या बाजीराव-मस्तानीचं काय होतं ते इतिहासानेच ठरवून ठेवलेलं आहे. या प्रेमाच्या गोष्टी आहेत आणि थोर आहेत. पण ‘प्रेमाचं, हलकंसं’ मागणारीला बहुतेक वेळा दुसरी जात हवी असते, इंग्रजी प्रकाशनव्यवसायात ज्याला रोमान्स म्हणतात ती. अमेरिकेतल्या रोमान्सलेखकांच्या संघटनेने या प्रकाराच्या दोनच अटी सांगितल्या होत्या: प्रेमाची गोष्ट मध्यभागी हवी, आणि शेवट मनाचं समाधान करणारा, आशा देणारा हवा. दुसरी अट मोडली तर त्या वाचकाच्या दृष्टीने पुस्तक फसवं ठरतं, मग भाषा कितीही सुंदर असो.

जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासिकेचं १९८४चं पुस्तक तुमच्या कामाशी फार जवळचं आहे. एका गावातल्या रोमान्स वाचणाऱ्या बायका पुस्तकाच्या दुकानातल्या एका विक्रेत्या बाईंच्या शिफारशीवर कशा विसंबून असत, हे त्यांनी त्यात मांडलं. रोमान्समध्ये काय कधीच नको, या प्रश्नाच्या उत्तरांत बलात्कार आणि दुःखद शेवट या दोन गोष्टी अगदी वरच्या जागी होत्या. शंका आली की त्यातल्या काही जणी शेवटची पानं आधी वाचून घेत. आपल्याकडे याला अर्धकच्च्या वाचकाचं लक्षण मानतात. तसं मानू नका. रहस्यकथेत खुनी कोण हे सांगितलं तर पुस्तक संपतं. रोमान्समध्ये दोघं एकत्र येणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं, ‘कसे येणार’ यासाठी ती वाचते. म्हणून शेवटाची जात सांगायला बिचकू नका. शेवटचा प्रसंग सांगायचा नाही, एवढं पथ्य पुरे.

यासाठी एक साधी खूण करा. प्रत्येक कादंबरीच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने एक अक्षर लिहा. ‘सु’ म्हणजे सुखान्त, ‘शो’ म्हणजे शोकान्त, ‘अ’ म्हणजे अनिश्चित, वाचकावर सोडलेला. शाईने लिहू नका, मत बदललं तर खोडता येत नाही. कण्यावर रंगीत चिकटपट्टी लावण्याचा मोह होईल, तोही टाळा. पट्टी वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते, तिचा डिंक कागदात उतरतो आणि काढताना कण्याचा कागद सोबत येतो. पुस्तकं नावाच्या क्रमानेच राहू द्या. ‘सु’ची फळी वेगळी केलीत की ‘शो’कडे कोणी फिरकणार नाही, आणि तिथेच आपली उत्तमातली उत्तम पुस्तकं पडून राहतील.

पण साडेचारशेतली सगळी वाचायची कधी? सगळी नाहीच वाचायची. प्रेम ज्यांच्या मध्यभागी आहे अशी वेगळी काढा, सत्तरच्या आसपास निघतील. प्रत्येकीला पंचवीस मिनिटं द्या आणि प्रत्येकीचं एक छोटं कार्ड लिहून ठेवा. दर बैठकीला दोन, आठवड्याला चार, म्हणजे साधारण चार महिन्यांत काम संपतं.

पंचवीस मिनिटांत काय पाहायचं? सुरुवात शीर्षकपानाच्या मागच्या बाजूने करा. तिथे पहिल्या आवृत्तीचं साल असतं. जुनी पुस्तकं नव्या चकचकीत मुखपृष्ठाने पुन्हा निघतात, आणि आजची गोष्ट म्हणून घरी नेलेल्या पुस्तकात नायिका नायकाला ‘आपण’ म्हणताना भेटते. मग पहिली दहा पानं वाचा: गोष्ट कोण सांगतंय, वाक्यं किती लांब, संवाद किती. पुढे चाळत दोघांची पहिली भेट कोणत्या पानावर होते ते शोधा. चाळिसाव्या पानापर्यंत भेट नसेल तर ते कार्डावर लिहा, कारण ‘हलकंसं’ मागणारी तोवर थांबत नाही. मग पुस्तक बरोबर मध्यावर उघडा आणि वीस पानं वाचा. इथे एकाच प्रश्नाचं उत्तर हवं: या दोघांना दूर कोण ठेवतंय? ते उत्तर एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे.

हा अडथळा म्हणजे प्रणयकथेचा कणा. पामेला रेजिस या अभ्यासिकेने २००३मध्ये अशा कादंबरीचे आठ अवयव सांगितले: भोवतालचा समाज, भेट, अडथळा, ओढ, प्रेमाची कबुली, सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण, उलगडा आणि वाङ्निश्चय. क्रम बदलतो, एखादा अवयव दोनदा येतो, पण खऱ्या रोमान्समध्ये आठही सापडतात. जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ची आहे, प्रकरणं ६१. नायक पहिल्यांदा मागणी घालतो ती ३४व्या प्रकरणात, आणि नायिका साफ नकार देते. म्हणजे पुस्तकाच्या मध्याच्या जरा पुढे. नकाराची कारणं दोघांच्या स्वभावात, प्रतिष्ठेच्या कल्पनांत आणि खरोखर घडलेल्या गोष्टींत आहेत, त्यामुळे उरलेली सत्तावीस प्रकरणं खरी लागतात. याउलट, एका दुपारी दोघांनी एकमेकांना सरळ विचारलं असतं तर संपलं असतं, असा अडथळा असेल तर कार्डावर ‘गैरसमज’ असं स्पष्ट लिहा. अशी पुस्तकं काहींना चालतात, पण अर्धवट परत येणाऱ्यांत त्यांचा भरणा मोठा असतो.

शेवटची पंधरा पानं वाचून ‘सु’, ‘शो’ की ‘अ’ ते ठरवा. उरलेल्या पाच मिनिटांत काळजी घ्यायच्या जागा हुडका: मृत्यू, दीर्घ आजार, गर्भपात, मूल न होणं, आत्महत्या, मारहाण, जबरदस्ती. जुन्या पुस्तकांत शेवटच्या दोन गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून बघा. नायकाने थोबाडीत मारली आणि तिला त्याच्या प्रेमाची खात्री पटली, नाही नाही म्हणणाऱ्या मुलीला त्याने ओढून जवळ घेतलं आणि ती विरघळली, असले प्रसंग एका काळी सर्रास लिहिले जात. इंग्रजीतही, १९७०च्या दशकातल्या जाडजूड ऐतिहासिक रोमान्समध्ये नायकच नायिकेवर बळजबरी करतो. ती पुस्तकं फेकायला आम्ही सांगणार नाही. पण कोणालाही सावध न करता ती हातात ठेवणं आम्हाला मान्य नाही.

शृंगार किती आहे, हेही कार्डावर हवं, आणि त्यासाठी ‘सभ्य’, ‘बोल्ड’ असले शब्द कुचकामी आहेत, कारण प्रत्येकीचं सभ्य वेगळं. आकडे वापरा. १ म्हणजे नजर, हात, फार तर मिठी. २ म्हणजे दिवा मालवला की प्रकरण संपतं. ३ म्हणजे लेखक खोलीच्या आत येतो. हे तीन अर्थ टेबलावर पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, म्हणजे विचारणारीला तोंडाने काही बोलावं लागत नाही, बोट ठेवलं की झालं.

कार्ड कसं दिसेल ते ‘स्वामी’वरून दाखवतो:

‘स्वामी. रणजित देसाई. पहिली आवृत्ती १९६२. शो. शृंगार १. अडथळा: राज्यकारभार, राघोबादादांशी तेढ, माधवरावांचा क्षय. जपून: दीर्घ आजार, तरुण नवऱ्याचा मृत्यू, सती. कोणाला: माणसांसाठी वाचणाऱ्यांना, पेशवाईची ओढ असणाऱ्यांना. आत्ता नको: घरात नुकतंच कोणी गेलं असेल किंवा आजारी असेल तर.’

पाच ओळी. त्या वहिनींना दिलेल्या कादंबरीचं असं कार्ड पुढ्यात असतं तर शेवटच्या ओळीवर तुमचा हात थांबला असता.

आता समोर उभ्या असलेल्या बाईंशी बोलायचं कसं? ‘कोणता लेखक आवडतो?’ हा प्रश्न आधी विचारू नका. तो परीक्षेसारखा लागतो आणि भारदस्त नाव सांगण्याकडे माणसाचा कल होतो. विचारा, ‘कोणतं पुस्तक हातातून सुटलं नव्हतं? त्यातलं काय आठवतं?’ पुस्तक आठवत नसेल तर मालिका चालेल, सिनेमा चालेल. उत्तरात पहिल्यांदा काय येतं तिकडे कान ठेवा. अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल म्हणतात, पुस्तकात शिरायची चार दारं असतात: घटना, माणसं, जागा आणि भाषा. ‘मग ती घर सोडून जाते, मग तो तिला शोधत...’ असं सांगणारी घटनांच्या दाराने आत गेली. ‘तो इतका हट्टी होता ना!’ म्हणणारी माणसांच्या. ‘त्या जुन्या वाड्याचं वर्णन!’ म्हणणारी जागेच्या. आणि एखादं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवणारी भाषेच्या. या शेवटच्या बाईंना पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ द्या. १९६२ची लहानशी कादंबरी, सगळी सावित्रीने लिहिलेली पत्रं, त्याची उत्तरं आपल्याला वाचायला मिळतच नाहीत. तीच कादंबरी घटनांच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईंना दिलीत तर दहाव्या पानावरून परत येईल. पुस्तक तेच, चूक फक्त दाराची.

दुसरा प्रश्न: ‘आत्ता काय नको?’ आम्ही सगळ्यात जास्त भर यावर देतो. पण इतर चौघी उभ्या असताना ‘मूल न होण्याचं काही नको’ असं कोण म्हणेल? म्हणून काळजीच्या सात-आठ गोष्टी एका चिठ्ठीवर छापून घ्या, सभासदाने खूण करून घडी घालून द्यावी. सभासदाच्या पानावर फक्त ‘नको: आजार’ एवढंच टिपा. कारण विचारू नका, कळलं तरी लिहू नका, आणि ती वही दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नका.

तिसरा प्रश्न वेळेचा आणि डोळ्यांचा. मकरपुऱ्याला कारखान्यात जाता-येता बसमध्ये वाचणारीला सहा-सात पानांची प्रकरणं हवीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजींना जाड टाइप हवा, मग गोष्ट कुठलीही असो. हे तीन प्रश्न तीन मिनिटांत होतात.

देताना एकच पुस्तक देऊ नका, ढीगही मांडू नका. तीन पुढे ठेवा: एक खात्रीचं, एक त्याच्या शेजारचं, एक जरा लांबचं. प्रत्येकाबद्दल एक वाक्य चांगलं आणि एक वाक्य अडचणीचं बोला. ‘यातली सासू फार सुरेख उतरली आहे, पण पहिली पन्नास पानं संथ आहेत.’ अडचण आधी सांगितलेली असली की वाचक ती ओलांडायला तयार होते, अचानक भेटली की पुस्तक मिटते. ‘मला फार आवडलं’ हे मात्र बोलू नका. तुम्ही सगळ्यांच्या आवडत्या ताई आहात, तुम्हाला आवडलेलं पुस्तक आवडलं नाही म्हणायला बायका संकोचतात आणि गुपचूप परत ठेवतात. तुमच्या दहातल्या सहांमध्ये अशी काही नक्की आहेत.

त्या अर्धवट परतीवरून तर सगळ्यात जास्त कळतं. देवघेवीच्या वहीत एक रकाना वाढवा: ‘पान’. परत करताना सहज विचारा, ‘कुठवर गेलात?’ पहिल्या पंधरा पानांत सोडलं असेल तर भाषा किंवा छपाई आड आली. साठ ते शंभरच्या दरम्यान सोडलं असेल तर अडथळा पटला नाही किंवा गोष्ट हलेना. शेवटची वीस-पंचवीस पानं राहिली असतील तर शेवटाचा वास आला आणि तो नको होता. दोन महिन्यांची नोंद झाली की कोणतं पुस्तक कुठे अडतं आणि कोणती सभासद कशाला अडते, दोन्ही डोळ्यांसमोर येतं. आणि पुस्तक सोडायची मुभा उघडपणे द्या. नॅन्सी पर्ल यांचा नियम भिंतीवर लावा: पन्नास पानं वाचावीत, नाही रुचलं तर ठेवून द्यावं, आणि वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करून उरतील तेवढीच पानं वाचावीत. अडुसष्ट वर्षांच्या काकूंना बत्तीस पानं पुरेत.

आता त्या सूनबाई. तिचं ‘तसं’ म्हणजे नेमकं काय, ते आधी काढून घ्या. इंग्रजी रोमान्सच्या वाचकांची आवड कथेच्या साच्यांवर पक्की बसलेली असते: आधी भांडण मग प्रेम, दुरावलेल्यांना दुसरी संधी, खोटा साखरपुडा, आधी लग्न आणि मागाहून प्रेम. शेवटचा साचा मराठी कौटुंबिक कादंबरीत भरपूर आहे, तिथून सुरुवात करा. तिच्या आवडीत राजे-उमराव आणि नृत्याचे जलसे असतील पण उघडा शृंगार नको असेल, तर इंग्रजीतच जॉर्जेट हेयर सुचवा. त्या बाईंचं पहिलं पुस्तक १९२१चं, आणि तुमच्या कार्डावर त्यांना १ आकडा पडेल. भावंडांची मालिका असलेले रोमान्स ती वाचत असेल तर क्रमांक बघून द्या. तिसऱ्या भागात पहिल्या भागातली जोडी लग्न होऊन मुलांबाळांसकट वावरत असते.

गुजराती माध्यमामुळे देवनागरी अडते असं समजू नका, ती तिने हिंदीच्या तासाला गिरवलेली असते. अडते ती संस्कृत शब्दांनी भरलेली, लांब वाक्यांची मराठी. घरात मराठी बोलणारी व्यक्तीही फडक्यांच्या पिढीच्या गद्याला अडखळते. वाचनालयातच तिला मधलं एक पान मनात वाचायला द्या. पाचपेक्षा जास्त शब्दांवर थांबली तर ते पुस्तक सध्या बाजूला. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ भाषेला सोपी आहे, नववीतल्या मुलाच्या तोंडची, पहिल्या प्रेमाची. पण तिचा शेवट ताटातुटीचा आहे, ते सांगूनच द्या. आणि एक गोष्ट तिला मोकळेपणाने सांगा: इंग्रजीत दर महिन्याला निघतात तसे, सुखान्ताची हमी देणारे सुटसुटीत रोमान्स मराठीत छापील स्वरूपात थोडे आहेत. तसलं लेखन आता प्रतिलिपीसारख्या अ‍ॅपवर क्रमशः येतं. तिथलं काही सुचवण्याआधी कथा पूर्ण झाली आहे का ते पाहा. ऐंशी भागांवर सोडून दिलेल्या कथेपायी वाचकाच्या पदरी जी निराशा येते, तिचा राग शिफारस करणाऱ्यावर निघतो.

काकांशी वाद घालू नका, वही दाखवा. गेल्या सहा महिन्यांत एकूण किती पुस्तकं गेली आणि त्यातली प्रेमकथा किती, हे दोन आकडे काढा. मग मागणी छोटी ठेवा: नव्या खरेदीला पैसे नकोत, एक फळी आणि तीन महिने द्या. ‘अश्लील’ हा शब्द आलाच तर चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ कथेवरच्या खटल्याची आठवण द्या. कथा १९६२च्या एका दिवाळी अंकात आली होती, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९६९मध्ये न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्णय दिला. एखादा प्रसंग सुटा काढून नव्हे, अख्खं लेखन समोर ठेवून पाहायचं, ही त्यातली दृष्टी तुमच्या समितीलाही उपयोगी पडेल. शृंगार ३ची पुस्तकं टेबलामागच्या कपाटात ठेवा, मागितली की द्या, अठराच्या आतल्यांना देऊ नका. हा नियम तुम्ही आपण होऊन मांडलात तर काकांची निम्मी काळजी तिथेच मिटते.

आणि बडोद्यात हे बोलताना भीड कसली? सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून इथली सार्वजनिक ग्रंथालयं उभी केली, लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी फिरवली. वाचकाने आपल्याकडे यावं म्हणून थांबायचं नाही, पुस्तकाने त्याच्यापर्यंत जायचं, हा या शहराचा रिवाज आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले. त्यातला दुसरा ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’, आणि त्यात वाचकांची प्रतवारी केलेली नाही. इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकात मिल्स अँड बून या रोमान्स छापणाऱ्या प्रकाशनाची पुस्तकं वाढली तीही तुमच्यासारख्याच भाड्याने पुस्तकं देणाऱ्या छोट्या वाचनालयांतून. तपकिरी बांधणीची ती पुस्तकं बायका हातोहात नेत.

खरेदीची वेळ येईल तेव्हा मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून आधी एक प्रत आणा, वेगवेगळ्या दारांच्या दोन सभासदांना वाचायला द्या, दोघींची पानं वहीत टिपा, मगच विकत घ्या.

वहिनी परत आल्या तर त्या दिवशी काही सुचवू नका. कपाटापुढे खुर्ची ओढून द्या आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत, वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीचं अक्षर कुठे असतं ते दाखवा.